टर्कींचा कळप, पेरूंचा थवा आणि आजींचे वासे

प्रश्न : माझी धाकटी लेक अमेरिकेत बॉस्टनबाहेरच्या एका उपनगरात असते. गेल्या महिन्यात तिनं खिडकीतून काढलेला व्हिडिओ पाठवला. रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग, आणि मधून चौदा-पंधरा जंगली टर्की एकामागून एक, अगदी सावकाश, रस्ता ओलांडताहेत. दोन्ही बाजूंना गाड्या थांबलेल्या. मी शेजारणीला दाखवत म्हटलं, "बघ गो, टर्कींचा थवा!" तर माझा सातवीतला नातू म्हणाला, "आजी, थवा उडणाऱ्यांचा. टर्कींच्या ग्रुपला राफ्टर म्हणतात. माझ्या जनरल नॉलेजच्या पुस्तकात दिलंय." इंग्रजी-मराठी कोशात राफ्टर काढला, तर अर्थ निघाला 'वासा'! तेव्हापासून घरात 'टर्कींचे वासे' हा विनोद चालू आहे. खरा शब्द कोणता? आणि टर्कीला आपल्याकडे दुसरं काही नाव आहे का?
— एक आजी, बांदोडे

उत्तर : तुम्हाला 'आजी' म्हणवत नाही, ताई म्हणतो. माझ्या नातवंडांची शाळा साडेबाराला सुटते आणि हे उत्तर त्यांना आणायला जाण्याआधी संपवायचं आहे, म्हणजे आपण एकाच वयाचे असू.

तर ताई, 'वासे' तेवढे म्हणू नका. एरवी विनोद झकास आहे. अमेरिकेतले लोक परसात पक्ष्यांसाठी दाणे टांगून ठेवतात. खाली सांडलेले दाणे या टर्की टिपतात आणि पोट भरलं की कधीकधी त्याच घराच्या छपरावर चढून बसतात. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच.

नातवाची बाजू आधी घेतो, कारण तो अगदीच चुकलेला नाही. इंग्रजीत टर्कींच्या समूहाला राफ्टर म्हणतात हे खरं. पण तो शब्द पाहुणे आल्यावर कपाटातून काढायच्या कपबशीसारखा आहे. प्रश्नमंजूषेत निघतो, मुलांच्या पुस्तकांत निघतो. जे लोक त्या पक्ष्यांच्या मागे रानात हिंडतात, त्यांची मोजदाद ठेवतात, ते साधं 'फ्लॉक' म्हणतात. फ्लॉक म्हणजे कोंबड्यांचाही, मेंढ्यांचाही. राफ्टरची एक व्युत्पत्ती सांगतात की हे पक्षी छपराच्या वाशांवर रात्र काढायचे, म्हणून. मला ती पटत नाही. पाळलेल्या टर्कीपुरती ठीक आहे. पण रानातली टर्की रात्री उंच झाडाच्या फांदीवर जाऊन झोपते. तिला वासा कशाला हवा?

आणखी एक गोष्ट छातीठोकपणे सांगितली जाते की हे सगळे चमत्कारिक समूहवाचक शब्द मध्ययुगातल्या इंग्रज शिकाऱ्यांचे. बऱ्याच शब्दांबाबत तसं आहेही. १४८६ साली इंग्लंडात छापलेल्या शिकारीवरच्या एका पुस्तकात अशा शब्दांची लांबलचक यादी आहे. पण टर्की त्या यादीत असूच शकत नाही. हा पक्षी उत्तर अमेरिकेचा. त्याला माणसाळवलं मेक्सिकोतल्या लोकांनी, आणि युरोपात तो गेला स्पॅनिश लोक तिथं पोचल्यानंतर, सोळाव्या शतकात. १४८६ साली कोलंबस अजून स्पेनच्या दरबारात खेटे घालत होता. नातवाला हे नक्की सांगा. त्याला आवडेल, आणि तुमचाही हिशेब चुकता होईल.

आता आपल्या घरात या.

मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं, त्यातली नऊ गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका शाळेत. समूहदर्शक शब्दांची यादी दरवर्षी फळ्यावर लिहायचो : पक्ष्यांचा थवा, गुरांचा कळप, केळ्यांचा घड, किल्ल्यांचा जुडगा, भाकरींची चवड, मडक्यांची उतरंड, आंब्यांची अढी. मुलं ती पाढ्यासारखी घोकायची. एकदा मागच्या बाकावरचा एक पोरगा उभा राहिला. "सर, आमच्या कोंबड्या उडत नाहीत. त्यांचा पण थवाच?" मी म्हटलं, "पक्षी आहे ना? मग थवा. लिही." त्यानं लिहिलं, पण चेहऱ्यावर पटल्याची खूण नव्हती. त्याच्या घरी वीसेक कोंबड्या होत्या. त्या दारातून शेणकईकडे कशा जातात ते त्यानं रोज पाहिलेलं; मी फक्त यादी पाहिलेली. तो प्रश्न मला पुढं कितीतरी वर्षं टोचत राहिला.

कारण त्याचंच बरोबर होतं. मराठीत हे शब्द वस्तूच्या नावाला चिकटलेले नसतात. त्या वस्तू कशा आहेत, काय करताहेत, यावर शब्द ठरतो. आंबे टोपलीत असले तर ती अढी नव्हे. गवतात पिकत घातले की अढी. मडकी अंगणात विखुरली तर उतरंड कसली? एकावर एक, मोठ्यावर लहान, अशी चढवली की उतरंड. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाऊन उभे राहा. तीच केळी दांड्याला लटकत असतात तोवर घड, सोडवली की फणी. अबोली सुपात सुटी पडली असेल तर नुसती रास, गुंफली की फांती. चोरिसं, म्हणजे गोव्याकडची सॉसेजं, दोऱ्यात ओवून टांगली की माळ. बाजारातल्या बाईला व्याकरण विचारलंत तर ती हसेल, पण घडाला फणी म्हणणार नाही.

प्राण्यांचंही तसंच. चरत, दाणे टिपत, एकमेकांच्या आगेमागे जमिनीवरून सरकतात तो कळप. एकदम येतात, उतरतात, भुर्रकन उठतात तो थवा. म्हणून शहामृगांना कोणी थवा म्हणत नाही, पक्षी असूनही. आणि म्हणूनच शाळा सुटल्यावर फाटकातून एकदम बाहेर पडणाऱ्या पोरींना थवा म्हणतात, पंख नसूनही. मीही बदललो तो कोशामुळं नव्हे, मोरांमुळं. आमच्या घराच्या मागं मरडाची शेतं आहेत. एका पहाटे आठ-नऊ लांडोरी बांधावरून मान खालीवर करत चाललेल्या पाहिल्या आणि मी बायकोला हाक मारली, "अगं, लांडोरींचा कळप आलाय!" ती काही बोलली नाही, पण मी स्वतःच दचकलो. एकतीस वर्षांची यादी तोंडानं एका झटक्यात खोटी पाडली.

आता तुमच्या टर्की. रानातली टर्की दिवसाचा बहुतेक वेळ पायांवर असते. पालापाचोळा उकरायचा, ओकची फळं, बिया, किडे वेचायचे आणि पुढं सरकायचं. तेव्हा तो कळप. पण तिला उडता येत नाही हा समज चुकीचा आहे. पोल्ट्रीतली, छातीला मांस धरावं म्हणून वाढवलेली जड टर्की उडत नाही. रानातली धोका वाटला की धडाडकन उठते आणि थोड्या अंतरापुरती फार वेगानं जाते. आठ-नऊ किलोचा नरसुद्धा. संध्याकाळी सगळ्या मिळून झाडावर चढतात तेव्हा त्यांना थवा म्हटलं तर मी खोडणार नाही. तुमच्या व्हिडिओतलं दृश्य मात्र दोन्ही नाही. एकामागून एक रस्ता ओलांडत होत्या ना? मग ती रांग. कोकणी शेजारणीला सांगायचं तर 'पंगड' म्हणा, ते कुठल्याही जमावाला चालतं.

आणि एक शब्द मी होऊन देतो. २०१७ च्या मार्चमध्ये, तुमच्या लेकीपासून फार लांब नसेल अशा रँडॉल्फ नावाच्या गावात, रस्त्यावर मरून पडलेल्या मांजराभोवती टर्की गोल गोल फिरताहेत असा एक व्हिडिओ जगभर गाजला होता. लोक घाबरले, काहींनी जादूटोणा ठरवला. पक्षी जाणणाऱ्यांनी सांगितलं की शत्रू आहे की काय ते सावधपणे पाहताना त्या फिरू लागल्या असाव्यात, आणि प्रत्येक जण पुढच्याच्या शेपटीमागं चालत राहिल्यानं वर्तुळ सुटेना. इंग्रजीत त्याला नेमका शब्द सापडेना. आपल्याकडं वारीत घोडा धावतो ते काय असतं? रिंगण. टर्कींनी रिंगण धरलं होतं, बस.

आता त्या कळपाच्या आत जरा डोकावू या, कारण तिथं मराठी शब्द इतके चपखल बसतात की मला राहवत नाही. टर्कींचे नर आणि माद्या वर्षातला बराच काळ वेगवेगळे राहतात. माद्यांच्या घोळक्यात दोन-तीन आया आपापली पिल्लं एकत्र करून हिंडतात. या लेकुरवाळ्या. पिल्लं अगदी लहान असताना आई त्यांना पंखाखाली घेऊन जमिनीवर झोपते. दोनेक आठवड्यांनी ती उडून फांदी गाठू लागली की सगळी वऱ्हाडं झाडावर. नरांचं प्रकरण आणखी मजेचं आहे. एका विणीतले भाऊ मोठे झाले तरी एकत्रच राहतात. विणीच्या दिवसांत दोघे-तिघे भाऊ खांद्याला खांदा लावून पिसारे फुलवतात, एकाच वेळी ओरडतात, मादीसमोर मिळून नाचतात. आणि लग्न फक्त एकाचं होतं! ॲलन क्रॅकॉअर या अभ्यासकानं कॅलिफोर्नियातल्या टर्कींच्या डीएनएची तपासणी करून २००५ साली हे दाखवलं. साथ देणाऱ्या भावांचं स्वतःचं एकही पिल्लू नव्हतं. तरी ते नाचतात, कारण भावाची पिल्लं म्हणजे काही अंशी आपलंच रक्त. त्याआधी मोठा कोण हे ठरवताना हेच भाऊ एकमेकांच्या माना पिरगाळायला कमी करत नाहीत. नरांच्या अशा टोळक्याला तुमच्या नातवाचं पुस्तक काय म्हणेल ते म्हणो, मी 'भावकी' म्हणेन. भांडणं धरून.

आपल्याकडं एक पक्षी असा आहे की त्याच्या नावातच समूह आला. सातभाई. मातकट रंगाचे, परसात पाला उडवत कलकलाट करणारे. एकटा दिसला तरी आपण 'सातभाई' म्हणतो. त्यांच्यासाठी थवा-कळप वाद कधी झालाच नाही. टर्की आपल्या रानातली असती तर तिचंही असंच काही झालं असतं.

आता दुसरा प्रश्न, नावाचा. हा माझ्या जवळचा आहे.

माझं लहानपण बार्देशात, हळदोण्याजवळच्या एका वाड्यावर गेलं. शेजारी ख्रिस्ती कुटुंब. दोन घरांच्या मध्ये कुंपण नव्हतं, अळवाचा वाफा होता. पावसाळा संपला की त्या घरी एक काळाकभिन्न पक्षी यायचा, पायाला सुंभ बांधलेला. चोचीवरून लोंबणारं मांस, गळ्याखाली लाल झोळ, आणि रागावला की डोकं निळं. आम्ही पोरं अळवाआडून शीळ घालायचो, तो लगेच गळा काढून ओरडायचा. इगर्जीची, म्हणजे चर्चची, घंटा झाली की प्रत्येक ठोक्याला त्याचं उत्तर. हा काही त्याचा एकट्याचा चाळा नव्हता. टर्कीचा नर कुठल्याही मोठ्या आवाजाला असाच ओ देतो, ढगांच्या गडगडाटालासुद्धा. आमच्या वाड्यावर सकाळची घंटा ऐकू आली नाही तरी कुणाचं अडत नसे.

मी पहिलीत होतो. घरी आम्ही फळाला 'पेर' म्हणायचो. त्याला पुस्तकात 'पेरू' म्हणतात हे मी त्याच महिन्यात शिकलो होतो. शेजारची आंटी माझ्या आईशी बोलता बोलता म्हणाली, "औंदू नाताळाक आमी पेरू मारतले." मला वाटलं, वा, आंटी शुद्ध बोलते! आत जाऊन मी आजोबांना बातमी दिली की नाताळला आंटी पेरू मारणार आहे. आजोबा पोथीवरची नजर न काढता म्हणाले, "मारणार नव्हे रे, पाडणार म्हण."

नाताळच्या दिवशी पेरू कोण ते मला कळलं, कारण दुसऱ्या दिवशी घंटेला उत्तर आलं नाही. दुपारी आंटीकडून आमच्याकडं ताट आलं : दोदोल, नेवऱ्या आणि पेराद, म्हणजे पेरूची लालसर वडी. फळातला पेरू आमच्या वाट्याला आला, पिसांतला नाही. आमच्या घरात तो खाल्लाही नसता, पण मला उगाच वाईट वाटलं.

पोर्तुगीज भाषेत टर्कीला 'पेरू'च म्हणतात. दक्षिण अमेरिकेतल्या त्या देशाचं नाव. त्या देशाच्या रानात हा पक्षी नाही, पण समुद्रापलीकडून आलेल्या वस्तूला त्या काळी लांबच्या देशाचं एखादं नाव चिकटवून द्यायचे. तेच नाव गोव्यात आलं. हिंदीतही जुन्या लोकांच्या तोंडी टर्कीला पेरू आहे. तिकडं फळाला अमरूद म्हणतात, त्यामुळं कुणाचा घोटाळा होत नाही. मराठीत ती जागा फळानं अडवून ठेवलेली. पक्ष्याला बसायला फांदीच उरली नाही, असं माझं मत. म्हणून आपण इंग्रजीतली टर्की घेतली.

ती तरी कुठं धड आहे? इंग्रजांना हा पक्षी तुर्कांकडून आला असं वाटलं, म्हणून टर्की. तुर्कांना तो हिंदुस्थानातला वाटला, ते त्याला 'हिंदी' म्हणतात. फ्रेंचांचंही तेच, त्यांच्या नावात 'इंडिया' दडलेला आहे. डच लोकांनी तर आपल्या कालिकतचं नाव दिलं, 'काल्कून'. मलायी लोक म्हणतात 'डच कोंबडी'. इजिप्तमध्ये तो 'रूमी कोंबडा'. ज्यानं त्यानं उचलून दुसऱ्याच्या गळ्यात बांधला. तुर्कस्ताननं २०२२ साली संयुक्त राष्ट्रांना कळवून आपलं नाव 'तुर्किये' करून घेतलं, त्यामागं या पक्ष्याशी होणारी नावाची गल्लतही एक कारण होती. मराठीला ती अडचण कधी आली नाही. देश तुर्कस्तान, पक्षी टर्की.

यात गोव्याचा हात मोठा आहे, आणि तो बहुतेकांना ठाऊक नाही. जहांगीर बादशहानं खंबायत बंदराचा कारभार पाहणाऱ्या मुकर्रबखानाला गोव्याला धाडलं होतं : फिरंग्यांकडं जे दुर्मीळ मिळेल ते घे, किमतीकडं पाहू नको. १६१२ साली खान ज्या चिजा घेऊन दरबारात परतला, त्यात काही विचित्र प्राणी-पक्षी होते, आणि त्यातला एक म्हणजे आपला पेरू. बादशहानं आठवणींत त्याचं वर्णन केलं आहे. लांडोरीहून मोठा, मोराहून लहान. रंगात आला की मोरासारखा पिसारा फुलवून नाचतो. डोकं आणि गळा घडीघडीला रंग पालटतात, कधी पोवळ्यासारखे लाल, कधी कापसासारखे पांढरे, कधी पिरोजासारखे निळे, अगदी सरड्यासारखे. आणि असंही लिहिलं आहे की या प्राण्यांची नावं कुणालाच ठाऊक नव्हती. पणजोबा बाबरानं प्राण्यांची वर्णनं लिहून ठेवली, पण चित्रं काढून घेतली नाहीत. म्हणून जहांगीरानं चित्रकारांना हुकूम दिला. मन्सूरनं काढलेलं ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. लाल झोळ, निळसर डोकं, फुगवलेली पिसं. मी ते छापील पाहिलं तेव्हा मला आंटीच्या दारातला सुंभच आठवला.

म्हणजे गोव्यातून पक्षी गेला, नाव इथंच राहिलं. फिरंग्यांनी पक्षी विकला, 'याला पेरू म्हणतात' एवढं सांगायला त्यांचं काय जात होतं कोण जाणे.

तुमच्या लेकीकडच्या टर्कींबद्दल एक सांगायचं राहिलं. त्या तिथं पिढ्यान्‌पिढ्यांच्या आहेत असं तिला वाटत असेल, पण नाही. मॅसॅच्युसेट्स राज्यातली रानातली शेवटची टर्की १८५१ साली मारली गेली. जंगलं तोडून शेतं केली आणि उरलेल्यांची शिकार झाली. पुढं शंभराहून जास्त वर्षं तिथं एकही नव्हती. पोल्ट्रीतल्या टर्की रानात सोडून पाहिल्या, त्या टिकेनात. त्यांना रान कुठं ठाऊक? शेवटी १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातून पकडलेल्या खऱ्या रानातल्या ३७ टर्की बर्कशायरच्या टेकड्यांत सोडल्या. त्या सदतिसांचा आता इतका विस्तार झाला आहे की शहरात गाड्या थांबतात आणि पोस्टमनच्या मागं नर लागतात. तुमच्या व्हिडिओतल्या पंधराजणी त्यांच्याच नाती-पणत्या असतील. लेकीला एवढं बजावा की त्यांना हातानं दाणे घालू नकोस. एकदा धीट झाल्या की त्या माणसालाही आपल्या कळपातलं समजतात आणि मग मोठं कोण ते ठरवायला येतात. भावकी.

थोडं व्याकरण, मग सुटी. तुम्ही 'जंगली टर्की' लिहिलंत, चालेल. 'रानटी' मात्र नको. रानटी माणसं असतात. रानकोंबडा, रानडुक्कर तशी 'रानटर्की' मला सर्वांत बरी वाटते. लिंग कोंबडीसारखं घ्या : ती टर्की, नर सांगायचा असेल तेव्हा तो. अनेकवचनात 'टर्क्या' बोलायला गोड आहे आणि नियमाला धरूनही आहे, पण लिहिताना टॅक्सीसारखं 'टर्की, टर्कींचा' ठेवा. 'टर्क्यांचा' वाचून कुणाला तुर्क लोक आठवायला नकोत.

तेव्हा ताई, शेजारणीला पुन्हा दाखवाल तेव्हा 'रानटर्कींची रांग' म्हणा, एरवी 'रानटर्कींचा कळप'. तुमचा थवाही चूक नव्हता, फक्त थोडा लवकर आला. संध्याकाळपर्यंत थांबायचा होता. नातवाला परीक्षेत राफ्टर विचारला तर त्यानं राफ्टरच लिहावं. गुण त्याचे जातील, माझे नव्हे.

प्रश्न : शाळेच्या यादीत 'माशांची गाथण' आहे. रापण ओढून किनाऱ्यावर आणलेल्या मासळीला गाथण म्हणता येईल का?
— एक शिक्षिका, काणकोण

उत्तर : नाही. गाथणं म्हणजे ओवणं. कल्ल्यातून दोरी किंवा काडी घालून लटकवलेले मासे ती गाथण. पाण्यात फिरतात तेव्हा थवा, रापणीतून वाळूवर ओतले की रास, बाजारात बाई समोर मांडून बसली की वाटा. मुलांना एकदा बाजारात न्या, यादी आपोआप पाठ होईल.

प्रश्न : आमच्या वायंगणीत रोज मोर उतरतात, भात खाऊन जातात. सरकारी खात्याला अर्ज करायचा आहे. 'मोरांचा थवा' लिहू की 'मोरांचा कळप'? वरच्यासारखं लांबण लावू नका, घाई आहे.
— एक शेतकरी, डिचोली

उत्तर : दोन्ही लिहू नका. थवा लिहिलात तर कारकून विचारेल थवा म्हणजे किती, आणि अर्ज परत येईल. 'अंदाजे अकरा मोर' असा आकडा घाला, तारीख घाला, किती जागेतलं भात गेलं ते घाला, फोटो जोडा. मोर किती आणि लांडोरी किती हे वेगळं सांगायची गरज नाही. भात दोघंही सारखंच खातात.